सडावाघाचं उत्तर

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर ऐकू यायचं नाही. आजची गोष्ट आवाजाची आहे, आणि तीही अशा आवाजाची, जो देवाने माणसाच्या कानाला दिलेलाच नाही. खोकायचं असेल त्यांनी आत्ताच खोकून घ्या, पाय आखडले असतील ते मोकळे करा. पूर्वरंग फार लांबवत नाही. गोष्ट अजून घडायची आहे, पण तुमच्या नातवंडांना मिसरूड फुटायच्या आत घडेल अशी. म्हणून ती घडून गेल्यासारखीच सांगू या.

कोल्हापुरात कीटकांची नोंद ठेवणारं एक केंद्र होतं. तिथे चारुशीला पडते नावाची बाई वाघपतंगांच्या जाती ओळखून लावायचं काम करायची. चाळिशीची, अंगाने किरकोळ, बोलायला स्पष्ट. माहेर कोकणातलं कातळखोल. वडील मुकुंदबुवा पडते कीर्तनकार. गावोगाव उभे राहून आयुष्य काढलेले. चारू लहानपणी त्यांच्या मागे झांज धरून उभी राहायची. पुढे शिकली, पतंगांच्या मागे लागली, आणि देवळातली पोर प्रयोगशाळेत गेली म्हणून बुवांना कधी वाईट वाटलं नाही. ते म्हणायचे, "तिथेही तोच आहे, फक्त आडनाव लावून."

आता वाघपतंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. सुरवंट तुम्ही पाहिलाय, केसाळ, अंगाला लागला की खाज सुटते तो. त्यातल्या पुष्कळ सुरवंटांचे पुढे वाघपतंग होतात. पंखांवर पट्टे, ठिपके, लाल-पिवळे भडक रंग. लहानपणी सुरवंट कडू झाडपाला खातो आणि त्यातलं विष अंगात साठवतो, म्हणून मोठेपणीही तो कडूच असतो. पण अंधारात वटवाघळाला रंग काय दिसणार? वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात हाका मारत शिकार शोधतं. ती हाक ऐकली की वाघपतंग छातीजवळची एक सुरकुतलेली पापुद्र्यासारखी पट्टी हलवून टिकटिक करतो. तीही आपल्याला ऐकू येत नाही. त्या टिकटिकीचा अर्थ एवढाच, की मी कडू आहे, मला सोड.

प्रत्येक जातीची टिकटिक निराळी. पूर्वी जाती लावायच्या म्हणजे पंखांच्या शिरा मोजा, पोट उकलून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यात माणसांची हयात जायची. मग श्रवणखांब आले. बांबूएवढा खांब, टोकाला कान, पोटात यंत्र. यंत्राला एकदा एका जातीचा आवाज शिकवला की ते तो ओळखायचं आणि नकाशावर ठिपका उमटवायचं. कोल्हापूरपासून कारवारपर्यंत गावोगाव असे खांब रोवले. कुठली जात कुठे राहते हे लोक घरबसल्या मोबाईलवर बघू लागले.

या गोष्टीत दोन जाती आहेत, सख्ख्या बहिणींसारख्या. एकीचं नाव रानकेसाळ. हिवाळे उबदार झाले तशी ती घाटाखाली पसरली. तिचे सुरवंट कुळीथ, चवळी, काजूची रोपं, काही म्हणता काही ठेवेनात. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे केस वाऱ्याने उडत आणि डोळ्यांत रुतत. कातळखोलचे दाजी घाडी, बुवांचे आयुष्यभराचे मृदंगी, त्यांचा एक डोळा असाच गेला होता. दुसरी बहीण सडावाघ. ती कोणाचं काही खात नसे. कातळाच्या उघड्या पठारावर, म्हणजे सड्यावर, खुळखुळ्याची झुडपं येतात ना, पिवळ्या फुलांची, वाळल्यावर ज्यांच्या शेंगा पोरं वाजवतात, त्यांची पानं एवढंच तिचं खाणं.

रानकेसाळीवर शास्त्रज्ञांनी लगाम नावाचा उपाय काढला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरांच्या बीजात असा फेर केला, की त्यांच्या पोटी फक्त नरच जन्मावे, आणि तो फेर पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरावा. माद्याच उरल्या नाहीत की काही पिढ्यांत जात संपली. फवारणी नाही, विष नाही. अडचण एकच. पिंजऱ्यात कोंडल्यावर रानकेसाळ आणि सडावाघ यांची पिल्लं झाली होती, आणि ती जगली होती. म्हणजे लगाम एका बहिणीकडून दुसरीकडे जाऊ शकत होता. म्हणून परवानगी देणाऱ्या समितीने अट घातली: सडावाघ दूरवर पसरलेला असेल तरच लगाम सोडायचा. एका खोऱ्यात तो गेला तरी बाकीकडे राहील.

चारूच्या नकाशात सडावाघ सगळीकडे होता. तिने सही केली. सोमवारी सकाळी ते नर घेऊन ड्रोन उडायचे ठरले.

त्या आधीच्या शुक्रवारी दुपारी जेवताना नौशाद नदाफ, यंत्रं सांभाळणारा तिचा सहकारी, डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "ताई, एक विचारू? तुमचा सडावाघ उपास करतो काय?"

"काय बरळतोस?"

"नाही, ठिपके बघत होतो. दर एकादशीला नुसता पाऊस. दशमीला तुरळक, द्वादशीला गायब."

"चंद्र," चारू म्हणाली. "पतंगांवर चंद्रकलेचा परिणाम होतो. लिहिलंय मी अहवालात."

"ते वाचलं की. पण शुद्ध एकादशीला चांदणं असतं आणि वद्य एकादशीला काळोख. ह्याला दोन्ही सारख्याच कशा आवडतात?" नौशादने भाकरी तोंडात घातली. "आणि शाहूपुरीत माझ्या मावशीची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर गच्चीजवळ खांब आहे आपला. तिथेही सडावाघ. खुळखुळा सोडा, तिथे कुंडीत तुळसदेखील धड जगत नाही."

"त्या इमारतीत काय असतं एकादशीला?"

"खाली बायकांचं भजन असतं. मावशी कुरकुर करते आणि प्रसादाचा शिरा मात्र घेते."

तो हसला. चारूचा घास हातातच राहिला.

ती उठून खोलीत गेली. यंत्राला सडावाघाचा आवाज जिच्यावरून शिकवला होता ती मूळ ध्वनिफीत तिने काढली. ती तिचीच होती. काही वर्षांपूर्वी कातळखोलला रवळनाथाच्या देवळामागे केलेली. मांडवातल्या दिव्यावर सडावाघ जितके यायचे तितके कुठेच नसत, म्हणून ती मुद्दाम सप्ताहात गेली होती. देवळात टाळ वाजत होता, पण यंत्र फक्त कानापलीकडचा आवाज टिपणारं. टाळ तर कानाला ऐकू येतो. त्याचा इथे काय संबंध, असं तिला वाटलं होतं.

तिने तो आवाज माणसाला ऐकू येईल इतका संथ केला आणि कानाला लावला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीत काहीतरी ठराविक अंतराने उठू लागलं, पडू लागलं. तिच्या पायाने नकळत ताल धरला. मग पाऊल थबकलं. हा ठेका तर सप्ताहातल्या टाळाचा होता.

धातूवर धातू आपटला की कानाला ऐकू येतो त्याच्या कितीतरी वरपर्यंत आवाज उसळतो. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला तरी वटवाघळं ऐकणारी यंत्रं दचकतात. हे तिनेच विद्यार्थ्यांना दाखवलं होतं. आणि वाघपतंगांनाही तो वटवाघळासारखाच वाटतो. म्हणूनच मांडवात टाळाचा कडकडाट झाला की दिव्याभोवतीचे पतंग टपटप खाली पडत. गावात म्हणत, पाखरं दंडवत घालतात. दाजी ती पडलेली पाखरं हलकेच उचलून तुळशीत ठेवत.

यंत्र टाळ शिकलं होतं. पतंगाची टिकटिक होती त्यात, पण बारीक, मधल्या फटींतून. तिच्या नकाशावर कोल्हापूर ते कारवार पसरलेले ठिपके म्हणजे भजनं होती.

केंद्राच्या प्रमुख बिराजदार मॅडम. ऐकून घेतलं त्यांनी सगळं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नकाशा चूक आहे म्हणतेस. नकाशा कुणाचा?"

"माझा."

"मंत्र्यांच्या गावात लोकांनी लगामाच्या स्वागताला कमानी उभारल्यात. पोरांचे डोळे जातायत चारुशीला, हे काय मी तुला सांगायचं? आणि तू म्हणतेस, मला असं वाटतं. वाटण्यावर मी सोमवार थांबवू शकत नाही."

"मग कशावर थांबवाल?"

"खऱ्या सडावाघाचा स्वच्छ आवाज आण. टाळाशिवायचा. नौशाद तो साठवलेल्या सगळ्या आवाजांवर लावून बघेल. कुठे आहे, कुठे नाही, दिसेल."

"तो आपणहून बोलत नाही मॅडम. हाक ऐकली तरच उत्तर देतो."

"तर मग हाक मार," त्या म्हणाल्या.

रविवारी चारू कातळखोलला उतरली तेव्हा सप्ताह भरात होता. इथली रीत तुम्हाला सांगतो. सप्ताह बसला की टाळ खाली ठेवायचा नाही. वाड्यावाड्यांचे पहारे ठरलेले. एका हातातला टाळ थांबायच्या आत दुसऱ्याने सुरू करायचा. जुन्या काळी पटकीची साथ आली होती तेव्हा हा नवस बोललेला, आणि तेव्हापासून एकदाही सप्ताहात टाळ थांबलेला नव्हता. वादळात छप्पर उडालं त्या वर्षीदेखील लोक भिजत वाजवत राहिले होते.

मुकुंदबुवा मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसले होते. थकले होते आता.

"अण्णा, टाळ थांबवायला हवा," ती शेजारी बसत म्हणाली. "दिवेलागणीला. थोडाच वेळ."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. "जेवलीस का?"

"अण्णा."

"ऐकलं. म्हणून विचारतोय, उपाशी बोलतेयस की भरल्या पोटी?"

तिने सगळं सांगितलं. जवळ बसलेल्या दाजी घाडींनी मृदंगावरचा हात काढला नाही, पण ठेका विस्कटला. वाजवणाऱ्यांनी वळून पाहिलं. दाजींनी मृदंग दुसऱ्याकडे सरकवला आणि उठून आले.

"काय गो चेडवा, काय सांगतंस? ती औषधाची पाखरां उद्या येवची नाय?"

"कदाचित नाही येणार दाजीकाका. इथे तरी नाही."

"एका पाखरासाठी?" त्यांनी मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो बघ. ह्यो गेलो. आता एकच उरलोहा. आणि तू म्हणतंस टाळ पण थांबवा. टाळ थांबलो तर काय होता म्हायत आसा तुका?"

"नाही माहीत."

"माका पण नाय म्हायत. थांबलोच नाय ना कधी. तेचीच भीती."

कोणी हसलं नाही. बुवांनी वर दिव्याकडे नजर टाकली. मग म्हणाले, "दाजी, पाखरं तुळशीत कोण ठेवायचं रे?"

"मीच ठेवायचंय."

"यंदा किती ठेवलीस?"

दाजी उत्तर द्यायला गेले आणि थबकले. मांडवातल्या दिव्याकडे त्यांनी मान वर केली. दिव्याभोवती चिलटं होती, एखाददुसरा भुंगा होता. टाळ कडाडत होता. खाली काहीच पडत नव्हतं.

"ह्या वर्षी नाय," ते हळू म्हणाले. "गेल्या वर्षी पण... नाय आठवत माका."

"नवस नामाचा आहे," बुवा लोकांकडे वळून म्हणाले. आवाज पडला होता, पण उभं राहिल्यावर कीर्तनकाराचा झाला. "नाम खंडणार नाही. टाळ हातात धरा, खाली ठेवू नका. ओठ मिटा आणि आत म्हणत राहा. पाप लागलं तर पहिलं माझ्या खात्यावर. मी त्याला ओळखतो, बोलेन त्याच्याशी."

दिवेलागण झाली. सड्याच्या कडेवरचा उजेड विझत आला. चारूने खुळखुळ्याच्या झुडपांकडे तोंड करून यंत्र लावलं, आवाज ऐकू येईलसा करून देणारी त्याची बोंडं कानात घातली. बुवांनी हात वर केला.

टाळ थांबला.

त्या गावातली जुनी माणसं सांगतात, की तशी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. देवळातली समई तडतडली ती ऐकू आली. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. एका बाईला रडू फुटलं, तिने पदर तोंडात धरला.

देवळामागच्या श्रवणखांबावरचा हिरवा दिवा, सडावाघ सापडल्याची खूण दाखवणारा, वर्षानुवर्षं सप्ताहात न विझलेला, विझला.

हाक म्हणून बुवांनी टाळाचा एकच ठोका दिला. नाद पसरला, पातळ झाला, मेला. चारू ऐकत राहिली. काही नाही. दुसरा ठोका. काही नाही. बुवांचा हात थरथरत होता, टाळ नीट भिडला नव्हता.

दाजींनी त्यांच्या हातातून टाळ घेतला. त्यांनी सड्याकडे पाहिलं, आपल्या एका डोळ्याने, आणि असा ठोका मारला की कडा लख्ख वाजल्या. मग टाळ छातीशी धरून ते उभे राहिले.

नाद विरला. आणि विरल्यावर, अगदी विरल्यावर, चारूच्या कानात टिकटिक आली. वाळल्या शेंगेतलं बी हलावं तशी. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा, झुडपांच्या वरच्या अंगाने.

तिने बोंडं काढून दाजींच्या कानात घातली. यंत्राने तो आवाज संथ करून पुन्हा ऐकवला. दाजी ऐकत राहिले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही.

"एकटोच आसा," ते म्हणाले.

बुवांनी मान हलवली, टाळ पुन्हा सुरू झाला.

आवाज नौशादकडे गेला. त्याने तो वर्षानुवर्षांच्या साठवलेल्या आवाजांवर लावला आणि फोन चालू ठेवून बसला. चारू पडवीत मोबाईलवर नकाशा बघत होती. कारवारकडचे ठिपके आधी विझले. मग गोव्याच्या हद्दीवरचे, मग घाटमाथा, मग कोल्हापूर, शाहूपुरीचा मावशीच्या इमारतीतला. नौशाद पहिल्यांदा "हे बघा ताई" म्हणाला, मग नुसती गावांची नावं वाचत गेला. शेवटी सबंध सह्याद्रीवर एक ठिपका उरला. कातळखोल.

सकाळी समिती बसली. बिराजदार मॅडमनी शब्द पाळला, पुरावा मांडला. समितीनेही तो मानला. कातळखोलच्या खोऱ्यात लगाम सोडायचा नाही असं ठरलं. आणि मग तिथल्या एका शहाण्या सभासदाने सरळ प्रश्न विचारला, की जिथे सडावाघ नाहीच, तिथे सोडायला आता कसली अडचण? चारू काही बोलायच्या आत माना हलल्या. पुरावा तिचाच होता. दुपारच्या आत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ड्रोन उडाले. डोंगर काही फार उंच नाही. त्यावरून वारा येतो, ढग येतात.

पलीकडच्या गावांत दोन हंगामांत सुरवंट उरला नाही. पोरांचे डोळे वाचले, ही खरी गोष्ट आहे, ती मी लपवणार नाही. कातळखोलमध्ये मात्र रानकेसाळ मोकळी राहिली होती, आणि पुढच्याच वर्षी काजूच्या बागेत काम करताना दाजींचा दुसरा डोळा गेला.

चारू त्यांना भेटायला गेली तेव्हा ते मृदंगाची शाई चाचपत बसले होते.

"दाजीकाका," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच तिने नाक ओढलं.

"बस. तू रडतंस काय? माका दिसत नाय म्हणान बिनधास्त रडतंस." मग जरा वेळाने म्हणाले, "माझ्या डोळ्याचो हिशोब तू करू नको. टाळ मी वाजवलंय. तुझ्या बापाशीचो हात हलत होतो, मी नसतंय तर ता पाखरू बोलला नसता. ता बोलला ना? मग झाला."

तेव्हापासून कातळखोलच्या सप्ताहात नवी रीत पडली. दिवेलागणीला टाळ थांबतो. ओठ मिटून सगळं गाव आत नाम घेतं. आंधळे दाजी तीन ठोके देतात आणि चारू कान लावते. पहिली वर्षं उत्तर यायचं. एका वर्षी तर दोघांचं आलं आणि लोकांनी साखर वाटली. मग डोंगरापलीकडून आलेल्या लगामाच्या नरांनी आपलं काम केलं असावं. उत्तर वर्षाआड येऊ लागलं. मुकुंदबुवा गेले त्या वर्षी आलं, शेवटच्या ठोक्याला, अगदी क्षीण.

गेल्या वर्षी तीन ठोके झाले आणि काही आलं नाही. चारूने बोंडं काढायला हात वर नेला. चाहुलीवरूनच दाजींना कळलं असेल. ते म्हणाले, "थांब गो. तेका श्वास घेऊ दे." आणि टाळ छातीशी धरून सड्याकडे तोंड करून उभे राहिले, गाव उभं राहिलं, अंधार पडला तरी कोणी हललं नाही.

मोबाईलवरचा लोकांसाठीचा नकाशा मात्र कोणी दुरुस्त केला नाही. त्यावर दर एकादशीला सह्याद्रीभर सडावाघाचे ठिपके उगवतात, आणि शाळेतली पोरं ते मोजून प्रकल्पाच्या वहीत लिहितात.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कधी त्या बाजूला गेलात, देवळाशी टेकलात, आणि दिवेलागणीला वाजत असलेला टाळ एकाएकी थांबला, तर वाजवणाऱ्यांचं काही चुकलं असं समजू नका, कुजबुजू नका, चप्पल वाजवू नका. ओठ मिटून नाम घ्या, आणि त्या शांततेत जमलं तर दाजी घाडींची आठवण काढा.